मूद, राखडी आणि एका घराने सरकलेली यादी

पार्श्वभूमी

इंदूरच्या एका जुन्या मराठी संस्थेकडे एका कुटुंबाने सागवानी पेटी दिली. पेटीत २७ वस्तू होत्या: १७ वस्त्रे, डोक्याच्या ७ वस्तू आणि ३ किरकोळ चांदीच्या. सोबत चार बंदांची, म्हणजे चार कागदांची, मोडी लिपीतली यादी होती. यादी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, लग्नात मुलीला दिलेल्या वस्त्रा-दागिन्यांची. तीत ४६ कलमे होती: वस्त्रे २१, ‘डोईचे’ ११, आणि गळ्याचे व हाताचे मिळून १४. गळ्यातले-हातातले जवळजवळ सगळे पूर्वीच लेकीसुनांत वाटले गेले होते. सोने मोडले जाते, लुगडी फाटतात, पण डोक्यातले दागिने घालायची रीतच गेल्यामुळे ते पेटीत राहिले. जुन्या घरांत हे बऱ्याचदा दिसते.

संस्थेला सहा आठवड्यांत प्रदर्शन मांडायचे होते. प्रत्येक वस्तूखाली मराठी आणि हिंदी अशी दुहेरी नामपट्टी हवी होती. काम तिघांकडे होते: मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक, नोंदी करणारी एक विद्यार्थिनी आणि कुटुंबातल्या थोरल्या सूनबाई.

इंदुरात हे काम पुण्यापेक्षा अवघड का, ते आधी सांगायला हवे. १८१८च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात आली आणि दरबाराच्या आगेमागे दक्षिणेतली मराठी घरे इथे स्थिरावली. त्यांचे शब्द दक्षिणेतले, पण लुगडी महेश्वरची नि चंदेरीची, जरीचे शालू काशीचे, शेजारपाजार माळवी आणि सराफ्यातले बरेच दुकानदार मारवाडी. त्यामुळे एकच शब्द रामबागेतल्या मराठी आजीच्या तोंडी एक अर्थ सांगतो आणि सराफ्यातल्या पेढीवर दुसरा.

अडचण

मोडीत शिरोरेघ आधी आखतात आणि अक्षरे तिच्याखाली लटकत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. पत्रात किंवा निवाड्यात हे फारसे नडत नाही, कारण वाक्याचा ओघ शब्द सोडवून देतो. दागिन्यांच्या यादीत ओघ नसतोच. नाव, आकडा, वजन, की लगेच पुढचे नाव. त्यातले नाव आज कुणाच्या कानावर नसले की वाचणारा ओळखीच्या जवळच्या शब्दावर जाऊन बसतो.

‘डोईचे’ या मथळ्याखालची पहिली ओळ अशी होती (शब्द सुटे करून, देवनागरीत):

मूद १ वजन २॥ राखडी १ वजन १॥। केतक १ केवडा १ मिळून वजन २। फूल १ वजन ॥।

जुन्या अपूर्णांकांत एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ही सगळी केसांतल्या दागिन्यांची नावे: मूद अडीच तोळ्यांची, राखडी पावणेदोन तोळ्यांची, फूल पाऊण तोळ्याचे.

पहिल्या वाचनात ‘मूद’नंतरच्या १ या आकड्याचा वरचा फाटा वेलांटी समजला गेला आणि शब्द ‘मुदी’ झाला. मुदी म्हणजे अंगठी, शब्द तर ओळखीचा. डोईच्या मथळ्याखाली अंगठी कशाला येईल, हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता. पण लिहिणाऱ्या कारकुनाच्या हातून कलम चुकले असेल, अशी समजूत करून घेतली गेली. आपले वाचन बसत नसले की दोष कारकुनाच्या माथी मारायची सवय मोडीवाचकांत फार आहे. कारकून क्वचितच चुकतो, कारण दागिन्याच्या यादीतल्या चुकीचा जाब त्यालाच द्यावा लागे.

पहिल्या पट्ट्या आणि त्यांतली साखळी

पेटीत अंगठी नव्हतीच. म्हणून ‘मुदी: उपलब्ध नाही’ अशी नोंद झाली आणि पुढचे प्रत्येक नाव एका घराने सरकले. पेटीतली मोठी घुमटाकार चकती ‘राखडी’ ठरली. तिच्याहून लहान, सपाट, मधोमध लाल खडा असलेली चकती ‘केतक’ ठरली, आणि पानाच्या आकाराचा लांबट तुकडा ‘केवडा’ झाला. केवड्याचे पान लांबट असते, तेव्हा तेवढे तरी बरोबरच वाटले. चुकीच्या साखळीत एखादी कडी योगायोगाने शोभून दिसते आणि मग बाकीच्या कड्यांवर कुणी शंका घेत नाही.

राखडीवर आणखी एक पुट चढले. विद्यार्थिनीने खात्री करून घ्यावी म्हणून सराफ्यात एका पेढीवर मोठ्या चकतीचे छायाचित्र दाखवले आणि विचारले, “ही राखडी आहे ना?” शेटजींनी शब्द ऐकला आणि सांगितले, “हाँ, रखड़ी। माँग पे लगती है, आगे।” त्यांचे चूक नव्हते. राजस्थानात आणि माळव्याच्या मारवाडी घरांत रखडी म्हणजे भांगातून कपाळावर येणारा दागिना, बोरल्याच्या कुळातला. मराठी राखडी मात्र डोक्याच्या मागच्या बाजूला, अंबाड्यावर किंवा वेणीच्या मुळाशी बसते. पट्टीवर छापून आले: ‘राखडी, कपाळावर लावायचा अलंकार.’ नाव दुसऱ्याच दागिन्याचे, आणि जागा दुसऱ्याच समाजाची.

हे उघडकीला आले ते एका ८६ वर्षांच्या आजींमुळे. त्या पट्ट्या वाचायला आल्या नव्हत्या, सूनबाईंबरोबर सहज आल्या होत्या. मोठी चकती हातात घेऊन त्यांनी ती उलटी केली, बोटाने मागची कडी चाचपली आणि म्हणाल्या, “अगं, हे पुढे कोण लावतं! आकडी कुठेय याला? ह्या दोन कड्यांतनं आगवळ ओवायचा नि मागे आवळायचं.”

आगवळ म्हणजे केस बांधायचा दोरा. चकतीच्या पाठीला समोरासमोर दोन आडवी कडी होती. भांगात अडकवायच्या दागिन्याला वरच्या टोकाशी एक आकडी आणि बहुधा मागे ओढून धरणारी साखळी किंवा दोरा लागतो. इथे तसे काही नव्हते. भिंगातून पाहिल्यावर कड्यांची आतली बाजू दोऱ्याने घासून एका अंगाला पातळ झालेली दिसली आणि कड्याच्या सांध्यात तेलकट काळा मळ भरलेला होता. ही वस्तू केसांच्या जाडीत, तेलात, आवळून बांधलेली राहिली होती. पट्ट्या छापून झाल्या होत्या आणि प्रदर्शनाला चार आठवडे उरले होते.

विचारात घेतलेले मार्ग

पहिला मार्ग सगळ्यात सोपा: जुने शब्दच गाळायचे. ‘केसांतील अलंकार’, ‘जरीचे वस्त्र’, ‘नऊवारी साडी’ अशा पट्ट्या लावल्या तर चूक होण्याचा संभवच नाही. पण मग यादी आणि पेटी एकत्र आल्याचा उपयोग काय? वस्तू पुष्कळ ठिकाणी सापडतात, शब्दांच्या याद्याही सापडतात. दोन्ही एकाच घरच्या मिळणे दुर्मिळ.

दुसरा मार्ग कोशाचा. मोल्सवर्थची १८५७ची आवृत्ती आणि १९३२ ते १९३८ या काळात निघालेला महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही हाताशी होते. शब्द मराठीत होता की नव्हता, हे कोशातून कळते. ‘मूद’ हा शब्द भाताच्या मुदीखेरीज डोक्यातल्या दागिन्यालाही आहे, हे तिथूनच पक्के झाले आणि ‘मुदी’चा प्रश्न सुटला. पण ‘स्त्रियांचा एक अलंकार’ एवढे लिहून कोशकाराने पुष्कळ शब्दांचा निकाल लावलेला असतो. समोरच्या दोन चकत्यांपैकी कोणती मूद, ते कोश सांगत नाही.

तिसरा मार्ग जाणत्यांना विचारण्याचा. तो सराफ्यात फसला होता आणि आजींकडे फळला होता. फरक माणसांपेक्षा विचारण्यात होता. पेढीवर नाव आधी सांगितले गेले, आजींच्या हातात वस्तू आधी गेली.

चौथा मार्ग कष्टाचा: प्रत्येक कलमाचे वजन, नग आणि माप घेऊन वस्तूशी ताडायचे, जाणत्यांची साक्ष वेगळी नोंदवायची, आणि जिथे जमणार नाही तिथे नाव न देता जागा मोकळी ठेवायची. संस्थेच्या कार्यकारिणीत कोऱ्या पट्टीला विरोध झाला. लोक हसतील, असे मत पडले. शेवटी चौथा मार्ग ठरला, पण अटीवर: कोऱ्या पट्ट्या पाचपेक्षा जास्त नकोत. अट बरी नव्हती. किती गोष्टी कळणार हे आधी ठरवता येत नाही. सुदैवाने ती आडवी आली नाही.

काय केले: वजनकाटा

०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आणला. इंग्रजी तोळा १८० ग्रेनांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात १२ मासे, माशात ८ गुंजा. पण संस्थानी तोळा ठिकठिकाणी थोडा कमीजास्त असे, शिवाय झीज होते, खडा पडतो, आत भरलेली लाख सुकून गळते. म्हणून ग्रॅममधल्या उत्तराला चिकटण्यापेक्षा दोन वस्तूंचे एकमेकींशी प्रमाण पाहणे अधिक भरवशाचे.

मोठी चकती भरली २८.९ ग्रॅम, लहान २०.१ ग्रॅम. यादीत मूद अडीच तोळे, राखडी पावणेदोन. अडीचला पावणेदोनने भागले की १.४३ येते. २८.९ला २०.१ने भागले की १.४४. तोळ्याचे ग्रॅम केले तर २९.२ आणि २०.४ हवे होते. दोन्ही चकत्या किंचित हलक्या, झिजलेल्या वस्तू असतात तशा. मोठी ती मूद, लहान ती राखडी. दोन मिनिटांचे काम होते, आणि ते पहिल्याच दिवशी करता आले असते.

केतक आणि केवडा मात्र सुटले नाहीत. कारकुनाने दोन्हींचे वजन मिळून सव्वादोन तोळे लिहिले आहे, म्हणजे २६.२ ग्रॅम. पेटीत पानाच्या आकाराची वस्तू एकच, १३.१ ग्रॅमची. बरोबर निम्मी. दोन्ही नावे एकाच झाडाची, आकार दोन्हींना शोभणारा, आणि दुसरी वस्तू गेलेली. वजनानेही तटस्थ राहायचे ठरवल्यासारखे.

‘फूल १’ पाऊण तोळ्याचे हवे, सुमारे पावणेनऊ ग्रॅम. पेटीतले लहान फूल ४.२ ग्रॅमचे निघाले. त्याची एकही पाकळी तुटलेली नव्हती, आत पोकळी नव्हती, खडा पडल्याची जागाही नव्हती. इतकी घट झिजेने होत नाही. हे त्या कलमातले फूल नव्हे. पहिल्या पट्टीवरचे नाव काढून घेतले गेले.

लफ्फा की लप्पा

दुसऱ्या बंदाच्या अगदी तळाशी, वेगळ्या शाईत, कोंबून लिहिलेले एक कलम होते. कागदाची कड झिजल्यामुळे मधले अक्षर फ की प ते ठरेना. लफ्फा म्हणजे गळ्यातला दागिना, लप्पा म्हणजे जरीची रुंद पट्टी, लुगड्याच्या किंवा शेल्याच्या कडेला लावायची. कलम मागाहून घुसवलेले असल्यामुळे मथळ्याचाही आधार नव्हता. पुढे ‘वजन ३’ होते. तोळ्यांत वजन म्हणजे दागिना, असा सरळ तर्क करून ‘लफ्फा: पेटीत नाही’ असे आधी लिहिले होते.

तर्क सरळ होता, पण पुरा नव्हता. खऱ्या जरीची किनार, गोटा, लप्पा हे सगळे तोळ्यावरच विकले जाई, कारण त्यात चांदी किती हाच भावाचा प्रश्न असे. वजन दिले म्हणून सोनाराकडचे, आणि हात-वार दिले म्हणून कापडवाल्याकडचे, ही विभागणी जरीला लागू पडत नाही. पेटीत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली चार बोटे रुंद जरीपट्टी होती, न वापरलेली. पहिल्या पट्टीवर तिला नुसते ‘जरीची पट्टी’ म्हटले होते. ती भरली ३३.८ ग्रॅम, म्हणजे तीन तोळ्यांना थोडी कमी. दहापट भिंगाखाली तार पिवळ्या रेशमावर गुंडाळलेली दिसली, म्हणजे कलाबतू. चपटी सुटी तार, बादला, नव्हे. शेरा ‘बहुधा लप्पा’ असा झाला. अक्षर वाचता न आल्यामुळे ‘पक्के’ लिहिले नाही.

जरीची तपासणी करताना तार खरवडणे, तेजाब लावणे, टोक जाळून पाहणे हे उद्योग टाळले. बाजारात ती रीत आहे, पण तिथे जरीचा माल विकायचा असतो.

वस्त्रांकडे

वस्त्रांच्या बाजूला मोडीने फार छळले नाही. छळले ते बोलींनी. ‘लुगडे २’ या कलमाचे हिंदी करताना भाषांतर करणाऱ्याने ‘लुगड़ा (ओढ़नी)’ लिहिले. माळव्यात घागऱ्यावर डोक्यावरून घ्यायचे वस्त्र म्हणजे लुगडा, त्यामुळे इंदूरच्या हिंदी वाचकाला हे खटकले नसते. आठ मीटरवर लांबीचे वस्त्र ओढणी म्हणून टांगलेले पाहूनही नाही. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. दोन्ही लुगडी मोजून भरली ८.१ आणि ८.२. हिंदी पट्टीवर ‘नौवारी साड़ी’ लिहून मराठी शब्द तसाच खाली दिला.

‘चंद्रकळा १’ला दोन दावेदार होते: एक काळे लुगडे, तांबड्या काठाचे, आणि एक जांभळे माहेश्वरी, सुती-रेशमी. मराठी घरात चंद्रकळा म्हणजे काळे लुगडे. पण महेश्वरच्या विणकरांकडे चंद्रकला हे साध्या, चौकडी-पट्टे नसलेल्या साडीचे नाव आहे आणि बैंगनी चंद्रकला हा तिचाच प्रकार. पहिल्या पट्टीत याच आधारावर जांभळे लुगडे चंद्रकळा ठरले होते. यादीत चार कलमे खाली ‘बुगडी काठ १’ होते. त्याकडे लक्ष गेले नव्हते, कारण बुगडी म्हणजे कानाच्या वरच्या पाळीतला दागिना असे समजून ते कानातल्यांच्या हरवलेल्या यादीत टाकले होते. बुगडी हे माहेश्वरी काठाचेही नाव आहे, दोन्ही अंगांनी सारखा दिसणारा, म्हणजे लुगडे उलटसुलट कसेही नेसता येणारा काठ. जांभळ्या लुगड्याचा काठ तसाच होता. पदरावर पाच पट्टे, तीन रंगीत, मध्ये दोन पांढरे, ही माहेश्वरीची खूण होतीच. ते ‘बुगडी काठ’, आणि काळे ते चंद्रकळा. लिहिणारा मराठी कारकून होता, विणकर नव्हता, हेही लक्षात घेतले.

कुंचीची गंमत वेगळी. यादीत ‘कुची १’ अशी अक्षरे होती आणि घडी घातलेले किनखापी वस्त्र चोळीसारखे दिसत होते, म्हणून ‘कंचुकी’ अशी पट्टी लागली. घडी उलगडली तेव्हा बाह्यांना जागाच नव्हती. एक शिवलेले टोपडे, त्याला मागे पाठीवर सोडलेला झोळ, हनुवटीखाली बांधायचे दोन बंद. लहान मुलाची कुंची. अनुस्वार तेवढा लिहायचा राहिला होता. घडी न मोडता वस्तूला नाव दिले, एवढीच चूक.

सगळ्यात नाजूक प्रश्न ‘आजींची पैठणी’ हा होता. कुटुंबात तिला पिढ्यान्‌पिढ्या पैठणी म्हणत. यादीत पैठणीचे कलमच नव्हते. ‘शालू १’ होते. पदर उलटा करून पाहिला. पैठणीत बुट्टीचे रंग बाण्यातच एकमेकांत अडकवत विणतात, त्यामुळे नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. इथे मागे जरीचे धागे एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत मोकळे धावत होते. हा काशीचा शालू. सूनबाईंना हे सांगायचे कुणी, यावर दोन दिवस गेले. शेवटी शिक्षकांनी त्यांच्या हातात भिंग दिले आणि शेजारी संस्थेतली एक खरी पैठणी उलटी ठेवली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, “शालू म्हणून लिहा. पण आम्ही पैठणी म्हणतो, तेही राहू द्या.” पट्टीवर दोन्ही आले: ‘शालू (घरात पैठणी म्हणून ओळख)’. घरातले नाव हीही एक नोंदच आहे, तिला चूक म्हणून खोडायचे कारण नव्हते.

जपणूक

डोक्याच्या वस्तूंत एक गंगावन होते, वेणीत घालायचा सुट्या केसांचा झुपका, आणि त्याला कसर लागली होती. केस, लोकर, रेशीम हे सगळे एकाच किड्यांचे खाद्य, म्हणून ते आधी बाजूला काढायला हवे होते. दोन प्लॅस्टिक पिशव्यांत हवा काढून बंद करून ते उणे १८ अंशाच्या शीतपेटीत दोन आठवडे ठेवले. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडली नाही, नाहीतर दमटपणा केसांवर बसतो. खडे किंवा मिना असलेली कोणतीही वस्तू या उपायाला दिली नाही.

शालू आणि दोन्ही लुगडी घड्यांवर चिरत चालली होती, विशेषतः जरीच्या पदरात. पुठ्ठ्याची दहा सेंटिमीटर व्यासाची नळी, तिच्यावर खळ जाईपर्यंत धुतलेला मांजरपाट, आणि नक्षीची सुलट बाजू बाहेर ठेवून गुंडाळी, असे केले. पेटीतल्या डांबरगोळ्या काढून टाकल्या. कडुलिंबाचा पाला पुन्हा घातला नाही. तो सुकून चुरतो आणि त्याचे डाग रेशमावर उठतात.

निष्पत्ती

२७ पट्ट्यांपैकी ९ बदलल्या: मूद, राखडी, पानाच्या आकाराची वस्तू, लहान फूल, लप्पा, चंद्रकळा, बुगडी काठ, कुंची आणि शालू. लुगड्यांचे फक्त हिंदी बदलले. अखेरचा हिशेब: १९ नावे पक्की, ५ बहुधा, ३ अनिर्णित. अनिर्णितांत केतक-केवडा, ते लहान फूल आणि एक फाटके रेशमी वस्त्र. नाव ठरलेल्या प्रत्येक पट्टीवर यादीतला शब्द जसाच्या तसा, त्याखाली वस्तूचे साधे वर्णन, कुठे घालायची ती जागा, आणि कोपऱ्यात खात्रीचा शेरा. ‘बहुधा’ असे छापलेले पाहून लोक हसले नाहीत. उलट त्याच पट्ट्यांपाशी बायका जास्त वेळ थांबत, आणि कुणी ना कुणी वहीत काही लिहून जाई.

पुन्हा करायचे झाल्यास

सगळ्यात मोठे नुकसान पहिल्या तासातच झाले होते, आणि ते पट्टी बदलून भरून येणारे नव्हते. पेटीतल्या वस्तू फडक्यांच्या लहान-लहान पुरचुंड्यांत बांधलेल्या होत्या. नोंदणी सोपी व्हावी म्हणून सगळ्या पुरचुंड्या सोडून वस्तू प्रकारवार मांडल्या गेल्या: सोन्याचे इकडे, चांदीचे तिकडे, कापड टेबलावर. कोणती वस्तू कुणाबरोबर बांधली होती ही माहिती त्या क्षणी गेली. केतक-केवड्यातला उरलेला तुकडा कुणाच्या सोबतीने होता, ते लहान फूल गोंड्यांजवळ होते की कानातल्यांत, हे त्या गाठींनी सांगितले असते. कुटुंबातल्या कुणीतरी आधी काढलेल्या एका मोबाइलच्या छायाचित्रात दोन पुरचुंड्या अर्धवट दिसतात. तेवढ्यावर मूद आणि आगवळ एकत्र होते इतकेच म्हणता आले. पुरचुंडी सोडण्याआधी तिचे छायाचित्र, तिला क्रमांक, आणि फडकेही जपून ठेवणे, हे पहिले काम.

दुसरी गोष्ट साफसफाईची. पेटी देण्याआधी कुटुंबाने चांदी चिंचेने आणि लहान फूल टूथपेस्टने घासून लखलखीत केले होते. मुदीच्या कड्यातल्या तेलकट मळाने तिची जागा सांगितली. फुलाच्या आकड्यात असे काही उरलेच नाही. पेटी स्वीकारतानाच ‘काही धुऊ-पुसू नका’ असे सांगितले असते तर कदाचित आज कोरी पट्टी एक कमी असती.

तिसरी विचारण्याची. वस्तू आधी, नाव नंतर. “हे काय?” असे विचारले की माणूस ऐकलेल्या नावांतले एक देतो. “हे कुठे घालायचं, कशानं अडकवायचं, कोणत्या दिवशी?” असे विचारले की हात आपोआप डोक्याकडे जातो, आणि हात सहसा खोटे बोलत नाही. आजींनी मुदीला ‘मूद’ म्हटलेच नव्हते, त्या तिला ‘मोठं फूल’ म्हणत होत्या. पण जागा त्यांनी अचूक दाखवली. नाव यादीतून आणि जागा आजींकडून घेतली, ही वाटणी जमली ती योगायोगाने; पुढच्या वेळी ठरवून करायला हवी.

प्रदर्शनाच्या तिसऱ्या आठवड्यात देवासहून आलेल्या एका बाईंनी लहान फुलाच्या कोऱ्या पट्टीपुढे थांबून सांगितले, की त्यांच्या माहेरी याला अगरफूल म्हणत आणि ते वेणीच्या टोकाशी खोचत. हे वहीत उतरवून घेतले, तारखेसह. पट्टी बदललेली नाही. यादीत त्या नावाचे कलम नाही, आणि दुसरी साक्ष अजून मिळालेली नाही.